चिमूटभर मीठ, मूठभर गूळ
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढील भाषण)



आरोग्यप्रसाराचे काम किती झाले असे विचारले, की बहुधा वाटलेल्या पत्रकांची व भरवलेल्या सभांची संख्या सांगितली जाते. ऐकणाऱ्याच्या घरात काय बदलले, हा प्रश्न मागेच राहतो. बांगलादेशातील एका मोहिमेने तो प्रश्न प्रामाणिकपणे विचारला. म्हणूनच ती अभ्यसनीय आहे.

१९७१ साली सीमेलगतच्या बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना पाजविले. ३० टक्क्यांच्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हे त्यामागील शास्त्र होय. उपाय सापडला होता. तो खेड्यातील मातेच्या हाती पोहोचावयाचा होता.

ते काम बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात केले. तयार पुड्या दुर्मीळ होत्या. मीठ आणि गूळ मात्र घरात असे. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी, असे प्रमाण ठरले. कार्यकर्त्या घरोघरी जात आणि प्रत्येक मातेकडून तिच्याच हाताने ते पाणी करवून घेत. पुढे तपासनीस त्यांतील काही घरी जाऊन मातेला काय आठवते ते पाहत. कार्यकर्तीचा मोबदला त्या उत्तरांवर अवलंबून असे.

तरीही अडचण उरलीच. मातांना कृती पाठ होती. पण मुलाला जुलाब लागले असता पुष्कळ घरी ते पाणी केले जात नव्हते. शोध घेता दोन कारणे आढळली. सांगणाऱ्यांपैकी अनेकांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. आणि घरातील पुरुषांना कोणी विश्वासात घेतले नव्हते. मग कार्यकर्त्यांना त्यामागील शास्त्र नीट समजावून देण्यात आले. बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांशी बोलणे झाले. वापर वाढू लागला. दशकाअखेर सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत ही शिकवण गेली होती.

आज जागतिक आरोग्य संघटना २००४ पासून सुधारित क्षारांची पुडी व सोबत जस्ताच्या गोळ्या यांची शिफारस करते. महाराष्ट्रात जलसंजीवनीची पुडी गावातील आशा स्वयंसेविकेकडे मिळते. उपाय दारापर्यंत आला आहे. उंबरठा ओलांडणे तेवढे राहिले आहे.

यास्तव ग्रामसभेत पुड्या किती वाटल्या एवढेच विचारून थांबू नये. मागील वेळी मुलाला जुलाब झाले तेव्हा घरात काय पाजले, हेही विचारावे. आणि ते केवळ आईला नव्हे, वडिलांना व आजीलाही विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर मातेला दोष देण्यापूर्वी सांगण्याची आपली रीत तपासावी. जो उपाय आपण लोकांना सांगतो, तो आपल्या घरी आपण करतो काय, हा पहिला प्रश्न प्रत्येकाने स्वतःलाच विचारावा.