मोठी गाय किती खाते?

गुरांच्या बाजारात आपली नजर आधी उंच्यापुऱ्या जनावराकडे जाते. अमेरिकेतले गोपालक या नजरेपायी दोनदा फसले.

तिथे हेरफर्ड, अँगस या गाई मांसासाठी पाळतात. त्यांची धार काढीत नाहीत. वर्षाला एक वासरू द्यावे आणि सहासात महिने अंगावर पाजून वाढवावे, एवढेच गाईचे काम. १९४० च्या सुमारास प्रदर्शनांत ठेंगण्या, गुटगुटीत वळूंना मान मिळू लागला. पुढे त्यांच्या वंशात खुजी वासरे निपजली. मग लोक दुसऱ्या टोकाला गेले. १९७० नंतर शारोले, सिमेंटल अशा युरोपातल्या थोराड वळूंचा वापर वाढला आणि गाई वजनदार झाल्या.

आता हिशेब बघा. गुरुजींनी तो फळ्यावर मांडावा. शरीर नुसते जगवायला लागणारा निर्वाहाचा चारा वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली हे मांडले. ४५० किलोच्या गाईऐवजी ६०० किलोची ठेवली, तर वजन ३३ टक्के जास्त, निर्वाहाचा चारा २४ टक्के जास्त. कोणी म्हणेल, किलोमागे स्वस्तच पडली की! पण विकायचे असते वासरू, गाय नव्हे. लहान १०० गाईंचा हा चारा मोठ्या ८० गाईंनाच पुरतो. म्हणजे वीस वासरे गेली. ती भरून काढायला २०० किलोचे वासरू २५० किलोचे भरले पाहिजे. भरते का तेवढे? बहुधा नाही. त्यातून रान रोडके असले, तर मोठ्या गाईचे पोट भरत नाही. ती वेळेवर माजावर येत नाही, गाभण राहत नाही, आणि ते सारे वर्ष तिला फुकट पोसावे लागते.