विळ्याचे पाणी कुठे जाते?

सोयाबीनची कापणी जवळ आली की बाजारात विळे घ्यायला गर्दी होते. दोन दिवसांत बोथट होणारा विळा हाती आला तर काम मागे पडते आणि मनगट भरून येते ते वेगळेच. म्हणून आज लोखंडाच्या 'पाण्या'बद्दल बोलू.

आधी घरी एक करून पाहा. लोखंडी तार एकाच जागी मागेपुढे वाकवा. आधी सहज वाकते, मग ताठर होते, गरम लागते आणि तुटते. वाकवण्या-ठोकण्याने धातू कडक होतो आणि ठिसूळही. तीच ताठर तार तुटण्याआधी चुलीत लाल करून राखेत सावकाश निवू द्या, पुन्हा मऊ होईल.

ठोके आणि आच, याच दोन गोष्टींवर एक नवलाचा धातूही चालतो. त्याचे नाव नायटिनॉल, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचे मिश्रण. 1959 च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी त्यावर काम सुरू केले. त्याची तार हव्या त्या आकारात घट्ट अडकवून सुमारे 500 अंशांवर तापवतात. नंतर थंडपणी वाकवली तरी कोमट पाण्यात टाकताच ती आपल्या आकारात येते. फार ओढली-ठोकली तर ही आठवण जाते, नेमक्या आचेवर पुन्हा येते. वेडेवाकडे दात सरळ करायला डॉक्टर बसवतात त्यात ही तार असते.

आपला विळा आकार लक्षात ठेवत नाही, पण आच मात्र ठेवतो. चांगला विळा बहुधा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा. लोहार तो लाल करून ठोकतो आणि लाल असतानाच पाण्यात किंवा तेलात बुडवतो. एकदम निवल्याने पोलाद इतके कडक होते की दगडाला लागताच टवका उडेल. म्हणून ते पुन्हा थोडे तापवायचे. घासलेल्या पात्यावर रंग धावतात: आधी पिवळा, मग तांबूस, जांभळा, शेवटी निळा. दोनशे अंशांच्या जरा वर पिवळा दिसतो, तिथे धार टिकते. तीनशेच्या आसपास निळा आला की पाते चिवट होते पण धार लवकर मरते. हे सारे नुसत्या डोळ्यांनी! लोहारदादांना आपण या कामाचे पैसे कमीच देतो, असे आम्हाला वाटते.

मूठ ढिली झाली की काही घरी अख्खा विळा चुलीत सारतात. तिथेच पाणी उतरते. मुठीत जाणारे शेपूट तेवढे निखाऱ्यावर धरा, पात्याला ओले फडके गुंडाळा, मुठीच्या भोकात लाख भरा आणि शेपूट ठोकून बसवा. मशीनवर धार लावून घेताना समोर उभे राहा. मध्येमध्ये पाण्यात बुडवायला सांगा. धारेवर निळा डाग दिसला तर तेवढा भाग मऊ झाला. तो घासून काढायला लावा, नाहीतर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्या.