घर बघितल्याशिवाय पैसे नाहीत

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. आज गोष्ट सांगणार आहे माझ्या भाचीची. ती ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगरगावात बर्फाच्या हंगामाला राहून आली. पण या गोष्टीत आपला गट कुठे आला, तेही ऐका.

भाची हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून भारतातल्या १८ ते ३० वर्षांच्या मुलामुलींसाठी एक व्हिसा सुरू केला. वर्षभर तिथं राहायचं, फिरायचं आणि खर्चापुरतं कामही करायचं. जागा वर्षाला फक्त १०००, म्हणून चिठ्ठ्या काढतात. चिठ्ठीत नाव नोंदवायची फी २५ डॉलर. एका एजंटानं ताईला सांगितलं, "चिठ्ठी मी लावून देतो, वर एवढे द्या." आता चिठ्ठी कुणाच्या हातात असते का? भाचीनं स्वतःच सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरला आणि तिचं नाव लागलं.

ताईनं गटातून ६०,००० रुपये कर्ज घेतलं, बाकीच्यासाठी पाटल्या गहाण ठेवल्या. गावात बोलणारे बोललेच, "लग्नाच्या वयाची पोर, बर्फात घसरायला पाठवतात होय?" ताई रात्र रात्र जागी असायची. तिला लोकांची भीती नव्हती. भीती एकच, पोर तिकडं एकटी पडली तर?

भाची निघाली जिंडबाईनला. न्यू साऊथ वेल्स राज्यातलं तळ्याकाठचं गाव, सिडनीहून रस्त्यानं साधारण सहा तास. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच शिखर कॉझियस्को याच डोंगररांगेत आहे, उंची २२२८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. तिकडचे ऋतू आपल्या उलट. आपण इथं चिखलात भात लावतो, तेव्हा तिकडं बर्फ पडतो. हंगाम जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत.

आणि हे गाव मुळात तिथं नव्हतंच. जुनं जिंडबाईन १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि लोकांना वर नवं गाव वसवून दिलं. ताईची सासू मूळची कोयनेच्या काठची, त्यांचं गाव शिवसागर जलाशयात गेलेलं. हे ऐकून म्हातारी म्हणाली, "मग तिथली माणसं उठून पुन्हा बसलेली आहेत. पोरीला समजून घेतील." त्या दिवसापासून घरातला विरोध निम्मा झाला.

खरी अडचण खोलीची होती. हंगामात त्या छोट्या गावात कामगारांची एवढी गर्दी होते की खोली मिळणं कठीण. निघायच्या आधीच फोनवर एकानं तळ्याकाठच्या घराचे सुंदर फोटो पाठवले. म्हणाला, "महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट आजच पाठवा, मागणारे दहा आहेत." ताई पैसे पाठवायला निघालीच होती. त्या दिवशी गटाची बैठक होती. आमच्या सचिव म्हणाल्या, "आपण घरभेट केल्याशिवाय कुणाला कर्ज देतो का? मग घर बघितल्याशिवाय आपण पैसे कसे द्यायचे?" भाचीनं त्याला सांगितलं, व्हिडिओ कॉलवर घर आतून दाखवा. आज दाखवतो, उद्या दाखवतो करत त्यानं फोन बंद केला. मैत्रिणींनो, त्या दिवशी गटाचे ६०,००० वाचले.

मग तिनं कामच असं शोधलं जिथं राहायची सोय होती. एका खोलीत चौघी, दुमजली पलंग. नियम लक्षात ठेवा. त्या राज्यात भाडेकरारावर घर घेतलं तर डिपॉझिट चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते मालकाच्या खिशात न राहता सरकारी कार्यालयात जमा होतं.

ती डोंगरावरच्या उपाहारगृहात स्वयंपाकघरात कामाला लागली. पहाटे अंधारात बस. कापूस ओला झाला की अंगाला चिकटतो आणि थंडी वाढवतो, म्हणून आत लोकरीचे कपडे. बर्फावरून ऊन परत उसळतं, त्यानं तोंड भाजतं, म्हणून थंडीतही क्रीम आणि गॉगल.

सुट्टीच्या दिवशी ती स्नोबोर्ड शिकली. एकच फळी, तिच्यावर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि उतारावरून घसरत यायचं. थांबायचं तर टाचेवर किंवा चवड्यावर भार देऊन फळीची कड बर्फात रुतवायची. पहिल्या दिवशी पडताना तिनं हात टेकला आणि मनगट मुरगळलं. नवशिक्यांचं हमखास असंच होतं. मनगटाच्या पट्ट्या नि हेल्मेट हवंच. आणि विम्यात बर्फाचे खेळ धरलेत का, ते जाण्याआधी वाचायचं. पुष्कळ विम्यांत ते नसतात.

तिसऱ्या आठवड्यात पगाराच्या चिठ्ठीत तास कमी दिसले. काम संपल्यावरची साफसफाई धरलीच नव्हती. २०२५ च्या जुलैत तिथलं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं, तेव्हा एकेक तास मोलाचा. पण पोरगी रोज वहीत तास लिहीत होती, आपण हप्ते लिहितो तसे. वही दाखवली, पुढच्या पगारात पैसे आले. आले नसते, तर फेअर वर्क ओम्बुड्समन या सरकारी कार्यालयात फुकट दाद मागता येते.

एकदा आपल्याकडं रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे तिकडं दीड. भाचीचा फोन आला. बोलेना, नुसती रडत होती. ताईनं "परत ये" म्हटलं नाही. विचारलं, "जेवलीस का?" म्हणाली, नाही. ताई फोनवर बसून राहिली आणि तिनं तिकडं खिचडी टाकली. वासानं खोलीतल्या तिघी उठल्या, चौघींनी मिळून खाल्ली. त्यानंतर दर रविवारी खिचडी ठरली. त्या दिवसापासून ती तिथं रुळली, असं ताई म्हणते.

पैसे फार उरले नाहीत, खरं सांगते. भाडं आणि खाणं यातच पुष्कळ गेलं. पण गटाचा एकही हप्ता चुकला नाही, आणि पाटल्या सुटल्या.

तुमच्या घरातली लेक लांब जायचं म्हणाली तर "नको" म्हणण्याआधी बैठकीत विषय घ्या. कागद वाचा, घर बघा, वही द्या. आणि फोन आला की आधी विचारा, जेवलीस का?