पर्यावरण : वहीतले आणि घरातले

(वार्षिक समारंभात एका शिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



पर्यावरण शिक्षणावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. विषय फार मोठा आहे. मी मात्र एका घागरीपासून सुरुवात करितो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिकवीत होतो. उन्हाळा लागला होता. नववीतली एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राही. एके दिवशी मी तिला वर्गासमोर उभे करून रागावलो. ती खाली मान घालून उभी राहिली, बोलली काहीच नाही. त्याच आठवड्यात चाचणी झाली. 'पाणीटंचाईची कारणे व उपाय' या प्रश्नाचे उत्तर तिने इतके चांगले लिहिले की मी पैकीच्या पैकी गुण दिले. पुढे तिच्या आईकडून कळले की टँकर नेमका शाळेच्या वेळेला येई, आई मजुरीला जाई आणि घागरी भरावयास घरात ही एकटीच असे. ज्या टंचाईवर मी तिला गुण दिले, त्याच टंचाईबद्दल मी तिला शिक्षा केली होती! मला त्याची लाज आजही वाटते.

मित्रहो, वहीतले पर्यावरण आणि घरातले पर्यावरण यांची गाठ आपण घालीत नाही, हेच आपले दुखणे आहे. नियमांची उणीव नाही. 1976 साली घटनादुरुस्ती होऊन निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शाळांत सक्तीचा व्हावा, असा निर्णय दिला. पुस्तके आली, गुण आले, प्रकल्पवह्या आल्या. पण होते काय? मुलगा 'प्लॅस्टिकचे दुष्परिणाम' हा प्रकल्प कुठून तरी उतरवून, प्लॅस्टिकच्याच वेष्टनात घालून आणतो आणि आम्ही शिक्षक त्यावर सही करितो. दोष एकट्या मुलाचा नाही.

आता आपण थोडे गणित करू. नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला 86,400 थेंब होतात. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी जाते. म्हणजे महिन्याला जवळजवळ 130 लिटर! एका वायसरची किंमत ती काय?

दुसरे गणित पावसाचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद छतावर वर्षभरात 800 मिलिमीटर पाऊस पडला, तर 40,000 लिटर पाणी पडते. त्यातले पाचव्या हिश्श्याचे वाया गेले, तरी 32,000 लिटर उरते. पन्हळ लावून ते हौदात घ्या, गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. पण करावयास हवे मात्र उन्हाळ्यात, पाऊस येण्याआधी. 1972 चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर आपण सर्वांनी पाहिले.

हे ज्ञान आपल्याला बाहेरून आणावयाचे नाही. मराठवाड्याच्याच मातीत ते आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहर, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविले आणि त्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आले. तिथल्या पाणचक्कीत पाण्याने दगडी जाते फिरे, दर्ग्यातल्या लोकांसाठी पीठ दळले जाई. जाते फिरविले म्हणून पाणी संपत नाही. ते पुढे हौदात येते. एका पाण्याची दोन कामे!

आपण वजू करितो. वाहत्या नदीकाठी बसलो तरी पाणी जपून वापरावे, ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून दिली जाते. मग नळ पूर्ण सोडून वजू का करावा? लोट्यात पाणी घेतले तर किती लागते आणि नळाखाली किती जाते, हे मुलांनी एक दिवस बादली ठेवून मोजावे. वजूच्या पाण्यात साबण नसतो. ते गटारात सोडण्याऐवजी चर काढून लिंबाच्या झाडाला दिले, तर एका पाण्याची दोन कामे इथेही होतील.

लग्नाच्या दावतीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. थर्माकोल व प्लॅस्टिकच्या ताटल्या आणि पेल्यांवर राज्यात 2018 साली आणि देशभर 2022 साली बंदी आली. तरी मांडवामागे ढीग दिसतोच. उष्ट्याच्या वासाने त्यातली पिशवी शेळी खाते, आणि नुकसान एखाद्या गरिबाचेच होते. मोहल्ल्याने वर्गणी काढून स्टीलच्या ताटांचा व पेल्यांचा एक संच घ्यावा. तो प्रत्येक लग्नाला उपयोगी पडेल. ताटात तेवढेच वाढून घ्यावे, जेवढे संपेल.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वर्षीचा प्रकल्प बाजारातून आणू नका. आपल्या घरात रोज किती घागरी लागतात, त्या कोण भरते आणि त्यात तिचा किती वेळ जातो, एवढेच महिनाभर लिहा. मुलांनो, 'कोण भरते' या रकान्यात बहिणीचेच नाव येत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून तिथे तुमचे नाव येऊ द्या. आपले कृषी विद्यापीठ जवळच परभणीला आहे. माती, पाणी व झाडांविषयी शंका असल्यास तिथे जाऊन विचारा.

आणि आम्हा शिक्षकांना माझी विनंती आहे : हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिण्याआधी कारण विचारावे, तेही वर्गासमोर नव्हे, जवळ बोलावून. मी विचारले असते, तर त्या मुलीचे उत्तर मला चाचणीच्या आधीच मिळाले असते.



जय हिंद, जय महाराष्ट्र!