मुलांचे मैदान आणि यकृताचे आरोग्य



यकृताचा विकार म्हटला की सामान्यतः मद्यपी माणूस डोळ्यांसमोर येतो. ज्या घरात मद्य, मांस वा अंडे यांना थारा नाही, त्या घरातील दहा वर्षांच्या मुलाच्या यकृतात चरबी साठल्याचे निदान झाले, तर आईवडिलांचा विश्वासच बसत नाही. परंतु हा विकार आता दुर्मीळ राहिलेला नाही. भारतातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्थूल मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांच्या यकृतात मेद आढळला. सर्वसाधारण मुलांत हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते.

याचे कारण यकृताच्या कार्यातच आहे. गरजेपेक्षा अधिक आलेल्या साखरेचे चरबीत रूपांतर यकृत करते. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. फरसाण, मिठाई, मैद्याची बिस्किटे हे सर्व पदार्थ शाकाहारी खरे. पण शाकाहारी ते सर्व यकृताला हितकर, असे समीकरण नाही. साठलेल्या चरबीमुळे काही मुलांच्या यकृताला सूज येते, पुढे व्रण पडतात आणि काहींच्या बाबतीत तारुण्यातच यकृत कठीण होऊ लागते. दीर्घकाळ काहीही दुखत नाही, हाच यातील मोठा धोका.

मग वजनकाट्यावर लक्ष ठेवले म्हणजे पुरे काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, म्हणजे बी. एम. आय. २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावत असत. आपला मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत ती गाठणे, अशी थट्टा याज्ञिकांनी स्वतःचीच केली होती. अनुवंश आणि जन्मापूर्वीचे पोषण यांचाही या फरकात वाटा असतो. तरी काटा सर्व काही सांगत नाही, हा धडा महत्त्वाचा.

हालचाल करणारे स्नायू रक्तातील साखर खेचून घेतात, इन्सुलिनचे कार्य सुधारते आणि यकृतावरील भार हलका होतो. स्पेनमध्ये ८ ते १२ वर्षांच्या ११६ वजनदार मुलांवर २२ आठवडे केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांच्या कुटुंबांना आहार व राहणीचे मार्गदर्शन मिळाले. एका गटाला त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस दमदार व्यायामही दिला गेला. यकृतातील चरबी लक्षणीय घटली ती व्यायाम करणाऱ्या गटातच. म्हणून काटा हलला नाही तरी पालकांनी निराश होऊ नये. धावणाऱ्या मुलाच्या यकृताला लाभ होतच असतो.

वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील सांडोरमध्ये वाड्या होत्या, केळीच्या बागा होत्या, बावखले होती. त्या काळी मुलांना व्यायाम शिकवावा लागत नसे. आज इमारती उभ्या राहिल्या. शाळेनंतर शिकवणी आणि शिकवणीनंतर मोबाइल, असा मुलांचा दिवस सरतो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरांत रात्रीचे अरबटचरबट खाणे आपोआप टळते, ही जमेची बाजू. मात्र हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि खेळाची वेळच भोजनात जाते. अशा दिवसांत सकाळची दोरीउडी किंवा भोजनानंतर कुटुंबासह फेरफटका योजावा.

घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षाही सोपी आहे. मुलाच्या उंचीएवढा दोरा घेऊन मधोमध दुमडावा. तो दुहेरी दोरा कमरेभोवती पुरला नाही, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मानेवरील काळसर, जाडसर त्वचा अनेक घरांत मळ समजून घासली जाते; ती इन्सुलिनचे कार्य बिघडल्याची खूण असू शकते. रक्ताची ए. एल. टी. चाचणी व गरजेप्रमाणे सोनोग्राफी यांतून पुढील दिशा कळते.

एक पथ्य मोठ्यांसाठीही आहे. भुकेपेक्षा कमी खाण्याचे ऊनोदरी तप विवेकी प्रौढांना शोभते. वाढत्या वयातील मुलाला वजनासाठी उपाशी ठेवणे योग्य नव्हे. ‘जाड्या’ म्हणून हिणवलेले मूल मैदानापासून अधिकच दूर जाते. त्याच्या एकट्याच्या ताटातून मिठाई काढण्याऐवजी घरात शीतपेयाची बाटलीच आणू नये आणि वडिलांनी त्याच्याबरोबर धावावे.

अनेक सोसायट्यांच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ असा फलक दिसतो. वाहनांसाठी जागा राखणाऱ्या समाजाने मुलांसाठी रोज एक तास ती मोकळी केली, तर कोणत्याही औषधाशिवाय मोठे आरोग्यकार्य घडेल. यकृत बोलत नाही; त्याच्या वतीने मोठ्यांनीच बोलावयाचे आहे.