देठांचे सार

पुरणपोळीच्या दिवशी शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी आपण मोरीत ओतीत नाही. त्याची कटाची आमटी करतो, आणि जाणकार तर पोळीपेक्षा त्या आमटीचीच वाट पाहतात. येथे सुरतेत आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे याच न्यायाने लचको डाळीबरोबर ओसामण होते. पदार्थाचे सत्त्व त्याच्या पाण्यात उतरते, हे दोन्ही घरांना ठाऊक आहे. मग भाज्यांच्या देठांना आणि सालींनाच आपण केराची वाट का दाखवितो?

पूर्वी हा प्रश्न मला पडत नसे. माझी आई वसईकडची. ती देठ साठवून त्यांचे सार करी, तेव्हा मला त्या काटकसरीची लाज वाटे. पाहुणे आले की ते भांडे मी झाकून ठेवीत असे. पुढे २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाली. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो. घरात तांदूळ होते. भाजीचा मात्र पत्ता नव्हता. आईने आधीच भरून ठेवलेल्या पाण्यात कांद्याची साले, दुधीची साल आणि कोथिंबिरीच्या काड्या शिजविल्या, आणि त्या साराबरोबर शेजारच्या मुलांनाही भात वाढला. त्या दिवशी माझी लाज गेली.

कृती अगदी साधी आहे. गाजराची टोके, मटारची टरफले, पापडीच्या शिरा, कांद्याची साले, कोथिंबिरीच्या काड्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात. ४ वाट्या देठसालींना ८ वाट्या पाणी, चार मिरी आणि एक तमालपत्र पुरे. मंद आचेवर पाऊण तास शिजवून गाळावे. मीठ आधी घालू नये; ज्या पदार्थात सार वापरावयाचे, त्यात ते बेताने घालावे. कांद्याच्या सालीने त्यास सोनेरी रंग येतो. कोबी-फुलकोबीचे दांडे फार झाल्यास उग्र वास येतो, कारल्याने ते कडू होते. सडके व बुरशी आलेले काही घेऊ नये. बटाट्याची हिरवी साल तर अपायकारकच. सार लवकर निववून शीतकपाटात ठेवल्यास तीन दिवस टिकते. ते आमटीत, पुलावात, भाजीच्या रश्श्यात वापरावे.

मात्र त्याला औषध समजू नये. काही क्षार आणि रुची पाण्यात उतरतात. क जीवनसत्त्व उष्णतेने बरेचसे नष्ट होते. डाळ आणि भाजी यांची जागा हे सार घेऊ शकत नाही. ते त्यांची गोडी तेवढी वाढविते.

१९९४ मध्ये प्लेगच्या साथीने आपल्या शहराची नाचक्की झाली होती. त्यानंतर सुरत झाडून निघाली, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह पहिली आली. या कीर्तीमागे सफाई कामगारांचे कष्ट आहेत. त्यांच्या डोक्यावरचे ओझे मूठभर हलके करणे आपल्या चुलीपाशी शक्य आहे. गाळून उरलेला चोथाही कुंडीतील खतात घालावा.

उद्या भाजी चिरताना देठ हाती आला, तर टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा, एवढेच मागणे.