चिमट्याचा किडा आणि कानाची भीती



पावसाळ्यात शाळेच्या ओसरीवरील ओली कुंडी उचलली, की खालून तपकिरी रंगाचा, चपट्या अंगाचा एक किडा धावत सुटतो. त्याच्या मागच्या टोकाला चिमटा असतो. एखादे मूल दोन्ही कान झाकून ओरडते, "कानात शिरेल!" दुसरे चप्पल उगारते. अशा क्षणी शिक्षकाने काय करावे, हा या भाषणाचा विषय आहे.

इंग्रजीत या किड्यास इअरविग, म्हणजे कानाचा किडा, असे नाव आहे. तो निजलेल्या माणसाच्या कानात शिरून मेंदू पोखरतो, असा युरोपात जुना समज होता. तो निराधार आहे. या किड्यास हवी असते ती ओल, काळोख आणि अरुंद फट. त्याच्या चिमट्यात विष नसते. धरले असता तो बोटास चिमटा काढील, एवढेच. पुष्कळ जातींत नराचा चिमटा वाकडा व मादीचा सरळ असतो. मुलांना हा भेद सहज दाखविता येतो.

मात्र झुरळासारखा कोणताही कीटक क्वचित कानात जाऊ शकतो. तसे झाल्यास काडी अथवा केसांचा आकडा कानात घालू नये. त्याने पडदा फाटण्याचा धोका असतो. मुलास धीर देऊन डॉक्टरांकडे न्यावे. भीतीपेक्षा ही एक गोष्ट मुलांना ठाऊक असणे अधिक मोलाचे आहे.

कीटकांत विरळा असा एक गुण या किड्याच्या मादीत आहे. ती मातीतील बिळात अंडी घालून त्यांची राखण करते, बुरशी लागू नये म्हणून ती चाटून स्वच्छ ठेवते. अठराव्या शतकात स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स द गेअर यांनी अंडी विखरून ठेवली, तेव्हा मादीने ती एकेक करून पुन्हा गोळा केली.

हा किडा रात्री हिंडतो. कुजका पाला, मावा व इतर बारीक कीटक हे त्याचे खाद्य. म्हणून बागेस त्याचा उपयोगही होतो. परंतु तो कोवळी रोपे व फुलांच्या पाकळ्या कुरतडतो, आणि दक्षिण भारतात त्याची एक जात भुईमुगाच्या शेंगा पोखरते. तेव्हा सरसकट मारणे नको, तसेच दुर्लक्षही नको.

उपाय साधे आहेत. भिंतीलगतचा पालापाचोळा, ओली पोती व फुटक्या कौलांचे ढीग हलवावेत. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. बागेस सायंकाळऐवजी सकाळी पाणी द्यावे. रात्री वाफ्याजवळ ओल्या वर्तमानपत्राची सैल गुंडाळी ठेवावी. सकाळी तीत लपलेले किडे साबणाच्या पाण्यात झटकावेत. वर्गात विषारी पूड टाकू नये, कारण त्याच जमिनीवर मुले बसतात. पूर्वी घरोघर वापरली जाणारी बीएचसी पूड भारतात १९९७ पासून बंद आहे, ती याच जातीच्या धोक्यामुळे.

चप्पल उगारणाऱ्या मुलास थांबवून शिक्षकाने तो किडा काचेच्या बरणीत घ्यावा, वर्गास दाखवावा आणि कुंपणापलीकडे सोडावा. ज्या मुलाने एकदा नीट पाहिले, ते ऐकीव भीतीस सहसा बळी पडत नाही.